साक्षीला हत्ती

मुरूडच्या जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने निघालं की किल्ल्याचा तट सगळा दिसतो, दरवाजा मात्र दिसत नाही. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या बेचक्यात तो सापडतो. मग उतरायची घाई. कुणाची चप्पल शेवाळावरून सटकते, कुणी मोबाइल सांभाळतो, आणि या गडबडीत दरवाज्यापाशी कोरलेलं शिल्प निम्म्या लोकांच्या नजरेतून निसटतं. आमच्या गाइडने ते निसटू दिलं नाही. चारही पंजांत एकेक हत्ती दाबून धरलेला आणि शेपटीतही एक अडकवलेला, असा वाघासारखा प्राणी. ‘हा शेर म्हणजे सिद्दी, आणि हे हत्ती म्हणजे आजूबाजूचे राजे,’ त्याने रोजचं वाक्य टाकलं. होडीत सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता. तो बापाचा हात ओढून म्हणाला, ‘‘बाबा, एवढे छोटे हत्ती असतात?’’

सगळे हसले, मीही हसलो. परत येताना होडीत बसल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. पोराला शंका आली ती हत्तींची. पाच-पाच हत्ती लीलया पकडणाऱ्या त्या जनावराबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही. जो प्राणी जगात आहे त्याची उलटतपासणी, आणि जो नाही त्याला मुकाट प्रवेश! तेव्हापासून देशोदेशीचे ड्रॅगन, राक्षसी पक्षी आणि शिंगाळ श्वापदं चित्रांत नि शिल्पांत पाहताना मी त्या पोराच्या प्रश्नासकट पाहतो. गंमत अशी की भलामोठा, अशक्य प्राणी भेटला की आसपास कुठेतरी हत्ती सापडतोच. फार थोड्या ठिकाणी सापडत नाही. त्या ठिकाणांकडेही येतो.

जंजिऱ्याचा तो प्राणी वाघ नव्हे. दुर्गप्रेमी मंडळी त्याला शरभ म्हणतात, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाज्यांवर तो भेटतो. कुठे एकटा, कुठे हत्तीसकट. अंग सिंहाचं, कधी खांद्याला पंखासारखं काहीतरी, चेहरा मात्र कारागिराच्या गावाप्रमाणे बदलणारा. काही ठिकाणी तो इतका हसरा आहे की दरवाज्यावर पहारा देण्याऐवजी पाहुण्यांचं स्वागत करतोय असं वाटावं. पण त्याचं कुळ मोठं आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एक गोष्ट सांगतात. एका ऋषीच्या आश्रमात एक कुत्रा असतो. बिबट्या त्याच्यावर धावून येतो, म्हणून ऋषी त्याला बिबट्या करतो. मग वाघ येतो, तेव्हा वाघ. मग मदोन्मत्त हत्ती येतो, तेव्हा हत्ती. हत्तीच्या मागे सिंह लागतो, म्हणून सिंह. आणि सिंहाच्याही मागे येतो तो आठ पायांचा शरभ. ऋषी कुत्र्याचा शरभ करतो, आणि हा शरभ शेवटी ऋषीलाच खायला निघतो. ऋषी त्याला पुन्हा कुत्रा करून टाकतो.

गोष्टीचं तात्पर्य नोकर निवडण्याबद्दल आहे, ते राजेलोकांनी पाहावं. मला त्यातली शिडी महत्त्वाची वाटते. कुत्रा, बिबट्या, वाघ, हत्ती, सिंह या पाच पायऱ्या ऐकणाऱ्याने स्वतः पाहिलेल्या किंवा निदान ऐकलेल्या. सहावी पायरी हवेत आहे. पण पाच पायऱ्या चढून आलेला माणूस सहाव्या पायरीवर पाय टाकताना खाली बघत नाही. शरभ किती उंच, किती वजनाचा, असं कुणी विचारत नाही. तो सिंहाला भारी आणि सिंह हत्तीला भारी, एवढं पुरतं. पहिलवानाचं नाव होतं तेही असंच. त्याची छाती मोजून नव्हे, त्याने कोणाला चीत केलं यावरून.

काल्पनिक प्राणी रंगवणं सोपं, असं एक जुनं मत आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या हान फेई या चिनी विचारवंताच्या ग्रंथात एक किस्सा येतो. छी राज्याचा राजा चित्रकाराला विचारतो, सगळ्यात अवघड काय काढायचं? चित्रकार म्हणतो, कुत्रे आणि घोडे. सोपं काय? भुतंखेतं. कुत्रा-घोडा लोक सकाळ-संध्याकाळ पाहतात, जरा चुकलं की पकडतात. भूत कुणी पाहिलंय? उत्तर चटपटीत आहे, पण मला ते पटत नाही. भूत काढणं सोपं असेल, पटेल असं भूत काढणं महाकठीण. ज्यांनी ते काम केलं त्यांना हे ठाऊक होतं. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत ड्रॅगनची जवळजवळ पाककृतीच देऊन ठेवली आहे: डोकं शिकारी कुत्र्याचं घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, नाक ग्रेहाउंडचं, भुवया सिंहाच्या, कानशिलं म्हाताऱ्या कोंबड्याची आणि मान कासवाची. वासारीने लिओनार्दोच्या चरित्रात लिहिलंय की तरुणपणी एका ढालीवर असा प्राणी रंगवायचा म्हणून त्याने पाली, साप, वटवाघळं, नाकतोडे खोलीत जमवले, आणि ती मेलेली जनावरं कुजून घाण सुटली तरी याला पत्ता नव्हता. वासारीच्या गोष्टी चिमूटभर मिठासोबत घ्याव्यात, पण ही खरी असावीशी वाटते. निदान मला.

तिकडे चीनमध्ये हान काळातल्या वांग फूच्या नावावर ड्रॅगनची नऊ साम्यं सांगितली जातात. शिंगं हरणाची, डोकं उंटाचं, डोळे राक्षसाचे (काही पाठांत सशाचे), मान सापाची, पोट शिंपल्याचं, खवले रोहूच्या जातीतल्या माशाचे, नख्या गरुडाच्या, पंजे वाघाचे, कान बैलाचे. खवल्यांची संख्याही ठरलेली, 81, म्हणजे नवाचा वर्ग. दोन याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं, दोघांनीही नवीन असं काहीच घेतलेलं नाही. सगळा माल बाजारातला, शिवण तेवढी स्वतःची.

पण शिवणीतून आकार मिळतो, माप मिळत नाही. हरणाची शिंगं आणि सापाची मान जोडली तरी ते जनावर घोरपडीएवढं आहे की डोंगराएवढं, हे कागदावर कळायचं कसं? तिथे हत्ती लागतो. जमिनीवर चालणाऱ्यांत सगळ्यात मोठा तो, त्याच्यापुढे माप संपतं. म्हणून ज्याला मापापलीकडचं काही दाखवायचंय, तो हत्तीला उचलतो, तुडवतो, गिळतो. विजयनगरच्या अच्युतरायाच्या सोन्याच्या नाण्यांवर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी आहे. त्याच्या चोचींत आणि नख्यांत हत्ती लोंबकळतात, नाणं जेमतेम नखाएवढं, तरीही पक्षी आभाळाएवढा वाटतो. मार्को पोलोने मादागास्करकडच्या रॉक पक्ष्याची ऐकीव हकिगत सांगितली, तीही हत्ती उचलून वरून टाकण्याची. (त्या बेटावर एपियॉर्निस नावाचा न उडणारा प्रचंड पक्षी खरोखरच होता. त्याचं एक अंडं सुमारे दीडशे कोंबडीच्या अंड्यांएवढं. आज त्या पक्ष्याला ‘हत्तीपक्षी’च म्हणतात.) सिंदबादच्या दुसऱ्या सफरीत तर कळसच आहे. गेंडा हत्तीला शिंगावर उचलतो, हत्तीची चरबी डोळ्यांत उतरून गेंडा आंधळा होऊन पडतो, आणि मग रॉक येऊन दोघांनाही पिल्लांना खाऊ म्हणून घेऊन जातो.

कोणार्कच्या सूर्यमंदिरात, तेराव्या शतकात, हीच चळत दगडात उभी केली आहे. नाटमंदिराच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सिंह, सिंहाखाली हत्ती, आणि हत्तीखाली माणूस. पर्यटक सिंहापर्यंत मान वर करतात. खालचा माणूस पाहायला कमरेत वाकावं लागतं. त्या माणसाला विसरू नये, तो पुढे लागणार आहे.

युरोपातला ड्रॅगन आज आपल्याला सेंट जॉर्जच्या भाल्याखाली तडफडणारा म्हणून माहीत आहे. पण रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात ड्रॅगनचं वर्णन केलं ते भारतातला म्हणून, आणि हत्तीचा वैरी म्हणून. भारतात हत्ती मोठे, आणि तिथले ड्रॅगनही तेवढेच मोठे. ते हत्तीला विळखा घालतात, रक्त पितात, आणि मरणारा हत्ती अंगावर कोसळून ड्रॅगनलाही चिरडतो. दोघांचं रक्त एकत्र सांडतं, त्यालाच हिंगूळ म्हणतात, असं प्लिनी सांगतो. आपल्याकडच्या जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात हिरादखण मागा. गडद लाल खडे मिळतील. तो सोकोत्रा बेटावरच्या झाडाचा डिंक, आणि इंग्रजीत त्याचं नाव ड्रॅगनचं रक्त. अरब त्यालाच ‘दम अल-अखवैन’ म्हणतात, म्हणजे दोन भावांचं रक्त. रोमनांनी पाहिले ते दोन वैरी, अरबांनी पाहिले ते दोन भाऊ. रंग तोच, पुडी तीच.

प्लिनीचा हा मजकूर हजार वर्षांनी इंग्लंड-फ्रान्समधल्या मठांत बसलेल्या चित्रकारांपर्यंत पोचला. बाराव्या-तेराव्या शतकांतल्या सचित्र प्राणिग्रंथांत ड्रॅगनच्या पानावर ठरलेलं चित्र असतं: शेपटीने हत्तीचे पाय बांधणारा ड्रॅगन. त्याची ताकद दातांत नाही, शेपटीत आहे, असं शेजारी लिहिलेलं. आता खरी पंचाईत. त्या चित्रकाराने ड्रॅगन पाहिलेला नव्हता, हे उघडच आहे. पण त्याने हत्तीही पाहिलेला नव्हता! त्यामुळे हत्तीचे पाय कधी कुत्र्यासारखे, अंग डुकरासारखं, सोंड म्हणजे टोकाला पसरलेला कर्णा. ज्याने ड्रॅगनच्या बाजूने साक्ष द्यायची तोच साक्षीदार बनावट. तरीही ती चित्रं फसलेली वाटत नाहीत. कारण वाचणाऱ्यानेही हत्ती पाहिलेला नव्हता. ‘हत्ती’ या शब्दाचा दरारा तेवढा पुरे होता.

मग 1255 साली फ्रान्सच्या नवव्या लुईने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला एक जिवंत हत्ती भेट दिला. टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याच्यासाठी 40 फूट लांब, 20 फूट रुंद घर बांधलं गेलं. लोक बघायला लोटले. सेंट ऑल्बन्सच्या मठातला मॅथ्यू पॅरिस हा इतिहासकार त्यांत होता. तो चित्रंही काढायचा. त्याने हत्ती समोर ठेवून काढला. सोंड सोंडेसारखी, गुडघे वाकणारे, पायाची बोटं दिसणारी. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका चित्रात त्याने हत्तीशेजारी त्याचा राखणदार उभा केला आणि लिहून ठेवलं की या माणसाच्या उंचीवरून जनावर केवढं असेल ते ताडावं. दोन वर्षांत तो हत्ती मेला. लंडनची थंडी, भलतंसलतं खाणं, काय काय असेल. पण ती चित्रं राहिली. खरा हत्ती आला तेव्हा त्यालाही साक्षीदार लागला, आणि तो साडेतीन हाताचा माणूस निघाला.

इथून आपल्या किनाऱ्यावर यायला हरकत नाही. 1514 मध्ये पोर्तुगीजांचा गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याने दीवला किल्ला बांधू द्या म्हणून गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ला दिला नाही, गेंडा दिला. मुत्सद्देगिरीत याहून देखणा नकार मला आठवत नाही. तो गेंडा गोव्याला आला, आणि अल्बुकर्कने तो राजा मानुएलकडे रवाना केला. 1515 च्या जानेवारीत जहाज निघालं, 20 मेला लिस्बनला लागलं. पोर्तुगीज कागदांत त्याला ‘गांदा’ म्हटलंय. आपला गेंडाच, फक्त समुद्रावरचं वारं लागलेला. रोमन काळानंतर युरोपात गेंडा कुणी पाहिलेला नव्हता. राजाने काय करावं? प्लिनीने लिहिलं होतं की गेंडा हत्तीचा जन्मवैरी. ते तपासायला 3 जूनला दोघांना समोरासमोर उभं केलं गेलं. हत्तीचं पोरच होतं ते, पळून गेलं. पुस्तक खरं ठरलं, असं सगळ्यांनी मानलं.

न्यूरेम्बर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररला या गेंड्याचं वर्णन करणारं एक पत्र आणि एक ओबडधोबड रेखाटन मिळालं. त्यावरून त्याने त्याच वर्षी लाकडी ठसा तयार केला. तो आज जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध प्राणिचित्रांपैकी एक आहे. आपल्याकडच्या कुणीही, काझीरंगा पाहिलेल्या किंवा निदान एखाद्या प्राणिसंग्रहालयात कठड्याशी उभं राहिलेल्या माणसाने ते नीट पाहावं. कातडीच्या घड्यांच्या जागी चिलखताचे पत्रे, त्यांना जणू खिळे मारलेले. पायांवर खवले. आणि मानेमागे, पाठीच्या सुरुवातीला, पिळाचं एक छोटं शिंग. हे शिंग कुठल्याही गेंड्याला नाही. वरच्या मजकुरात हत्ती आहेच: गेंडा शिंगाने हत्तीचं पोट फाडतो, म्हणून हत्ती त्याला घाबरतो. खऱ्या प्राण्याला ड्यूररने अद्भुत प्राण्याच्या रांगेत बसवलं ते त्याच जुन्या प्रमाणपत्रावर. पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोपातली पुस्तकं गेंडा म्हणून हेच चित्र छापत राहिली. ते चित्र चुकीचं आहे हे मला माहीत आहे, तरी खऱ्या गेंड्याच्या छायाचित्रापेक्षा मी त्याच्यासमोर जास्त वेळ थांबतो. आणि मूळ जनावर? मानुएलने ते दहाव्या पोप लिओला भेट म्हणून पाठवलं. 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. गेंडा पोहतो चांगला, पण हा साखळदंडाने बांधलेला होता.

आता हत्ती नसलेली जागा. चीनचा ड्रॅगन कुणाला पायाखाली तुडवत नाही, हत्तीला तर नाहीच. वांग फूच्या नऊ साम्यांतही हत्ती नाही. आणि तरीही एके काळी पीत नदीच्या खोऱ्यात हत्ती होते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग राजांच्या भाकीत-अस्थींवर हत्तीच्या शिकारीचे उल्लेख आहेत. पुढे शेती पसरली, जंगल आटलं, हवाही थंडावली, आणि हत्ती दक्षिणेला सरकत गेले. ज्याने चित्रकाराचा किस्सा सांगितला त्याच हान फेईने आणखी एक नोंद केली आहे. लोकांना जिवंत हत्ती क्वचितच दिसतो, ते मेलेल्या हत्तीची हाडं मिळवतात आणि त्यावरून जिवंत हत्ती कसा असेल ते मनात उभं करतात, म्हणून मनाने जे कल्पावं त्याला ‘श्यांग’ म्हणतात. श्यांग म्हणजे चिनीत हत्ती. आणि श्यांग म्हणजे प्रतिमाही, अक्षर तेच. व्युत्पत्तिशास्त्री यावर नाक मुरडतील, त्यांना मुरडू द्यावं. ज्या देशात हत्ती हाच कल्पनेचा विषय झाला, तिथे तो कल्पनेची साक्ष कशी देणार?

मग चिनी चित्रकाराने माप कशाने दाखवलं? ढगाने. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात चेन रोंगची 1244 सालची नऊ ड्रॅगनची गुंडाळी आहे, सुमारे 11 मीटर लांब. ती उजवीकडून डावीकडे उलगडत पाहायची. कुठे खडकाला धरलेल्या नख्या, कुठे धुक्यातून आलेलं डोकं. मध्ये लाटांचा भोवरा. पुन्हा एक पाठ, जिची सुरुवातही दिसत नाही आणि शेवटही. अख्खा ड्रॅगन असा फारसा मिळतच नाही. जो भाग दिसत नाही तो केवढाही असू शकतो, तो तुम्ही मनात वाढवत जाता. हत्ती ठेवला असता तर ड्रॅगन दोन हत्तींएवढा किंवा दहा हत्तींएवढा झाला असता, म्हणजे मोजला गेला असता. साक्षीदार आणला की त्याच्या साक्षीपुरतंच मिळतं. या एका बाबतीत मी चेन रोंगच्या बाजूचा आहे, शरभाच्या शिल्पकाराची माफी मागून. अर्थात दगडात धुकं कोरता येत नाही, हेही खरं.

हाडांवरून आठवलं. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट गावात 1335 च्या सुमारास एक कवटी सापडली. ती गावाला छळणाऱ्या ड्रॅगनची, असं ठरलं. 1590 च्या सुमाराला चौकात ड्रॅगनचा पुतळा घडवला, तेव्हा डोक्यासाठी तीच कवटी नमुना म्हणून घेतली. एकोणिसाव्या शतकात कळलं की ती हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची होती. आणि सिसिली व माल्टा या बेटांवर प्राचीन काळी हत्तींची एक बुटकी जात होती. बेटावर अन्न थोडं, वाघ-सिंह नाहीत, म्हणून पिढ्यानपिढ्या आकार आक्रसत गेला. त्यांचे सांगाडे सापडले आहेत. हत्तीच्या कवटीत मधोमध सोंडेचं मोठं भोक असतं. 1914 मध्ये ओथेनिओ आबेल या पुराजीवशास्त्रज्ञाने तर्क मांडला की गुहांत अशा कवट्या पाहूनच ग्रीकांचा एकडोळ्या राक्षस जन्मला असावा. तर्क मोहक आहे, पुरावा बेताचा. पण त्या हत्तींबद्दल शंका नाही. पूर्ण वाढ झालेला नर खांद्यापाशी जेमतेम एक मीटर, म्हणजे दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या छातीपर्यंत येईल एवढा.

असतात का एवढे छोटे हत्ती? होते, बाळा.

त्या दिवशी जंजिऱ्याहून निघायच्या आधी मुलाचा बाप दरवाज्याचा फोटो काढत होता. दोन-तीनदा मागे सरकला, पायऱ्यांवरून पडता पडता वाचला. फोटो बघून त्याचं समाधान होईना. ‘‘कळतच नाही केवढा आहे,’’ तो बायकोला म्हणाला. मग त्याने पोराला हाक मारली आणि दरवाज्यात उभं राहायला सांगितलं. पोरगं गेलं, भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहिलं, आणि डोक्यावर, वर कुठेतरी, आपला पंजा कुठपर्यंत पोचतो ते हात उंचावून पाहू लागलं.